टाकीचं कुलूप

३ मार्च १९९९, भिंगार
गच्चीवरच्या टाकीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या गळ्यात. भाडेकऱ्यांना आजपासून मी मोजून पाणी सोडणार. शिडी उतरताना नडगी खरचटली. टाकीच्याच पाण्याने धुतली.

५ मार्च
बहिणीची दीपा पुण्याहून आली. मायक्रोबायॉलॉजी शिकते. टाकीत बोट फिरवून नाक मुरडलं. म्हणे जंतू आपसात बोलतात. एकटा असतो तोवर गरीब. प्रत्येक जण कसलंसं रसायन सोडत राहतो, ते दाट झालं की सगळ्यांना कळतं, आपण आता पुरेसे झालो. मग एकदम विष सोडतात, चिकट थर बांधून आत बसतात. औषध शिरत नाही, टाकी उपसून घासावीच लागेल.

मी म्हटलं, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मुली बोलत नसत, जंतू कसले बोलतात! सिस्टर नुसती पेन्सिल वाजवायच्या, की बाहेरच्या चिंचेवरची चिमणी ऐकू यायची. किती गोड दिवस ते.

पाणी दिवसाआड येतं. टाकी उपसायला मी उधळी नाही. चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकली.

६ मार्च
दीपा गेली. तिचं एक पटलं. एकत्र आले की घात करतात. नवा नियम: नळावर एकेकानेच यायचं, बोलायचं नाही. मागच्या खोलीतला रंगनाथ मिलिटरी स्टोअरमध्ये कामाला आहे. म्हणाला, आमच्याकडेसुद्धा एवढं कडक नसतं. त्याचं पाणी बंद केलं. मायेनेच. वळण असंच लागतं.

११ मार्च
नळावर चिडीचूप. समोरच्या खोलीतली गोजरबाई मान खाली घालून जाते. जखमेवरही छान खपली. दीपाला कळवायला हवं, तुझे जंतू भिंगारचे नाहीत.

१५ मार्च
आता नळावर कोणी फिरकतसुद्धा नाही. शिस्तीचा कळस. नडगी जरा गरम लागते. ऊन वाढलंय.

१७ मार्च
ताप. नडगी सुजून लाल. हिरवट पू. दीपाचा फार राग आला.

२० मार्च, नगर, हॉस्पिटल
डॉक्टरही तेच म्हणाले. जंतू गुपचूप वाढत होते, थर धरलाय, नुसत्या इंजेक्शनने भागणार नाही. जखम उघडून घासली. त्याबद्दल लिहीत नाही.

गोजरबाई डबा घेऊन आली. तिला बजावलं, मी नाही म्हणून नळावर गप्पा नकोत. ती म्हणाली, त्या पाण्याला वास मारतो, सगळी घरं कधीचीच हापशावरून पाणी आणतात. मला न विचारता हे ठरलं कधी?

"ठरवायचं काय त्यात, बाई? वास ज्याचा त्याला आला. एक दिस बघतो तर सगळ्यांच्या बादल्या हापशावर. मंग मातर आमी लई बोललो."

२६ मार्च, भिंगार
घरी आले. टाकी घासून लख्ख. माझं कुलूप तोडून नवं घातलंय, त्याची किल्ली सगळ्या घरांत फिरते. आज कुणाकडे आहे कोण जाणे. पाणी हवं असेल तर बाईंनी खिडकीतून हाक मारायची, असं ठरलंय म्हणे.

जुनी किल्ली गळ्यातच आहे. सकाळपासून तहान लागली आहे. अजून हाक मारलेली नाही.