मध्यंतराचं भाषण

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा घाबरत घाबरत नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा आवाज कसा आहे? (आवाजाची चौकशी मुद्दाम केली आहे.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली आहे. सकाळी हातातला कप बशीवर इतका खुळखुळतो की तुझी भावजय विचारते, "चहा पिताय की वाजवताय?"

रविवारी भावोजी ज्याचे प्रशिक्षक आहेत त्या संघाशी आमचा फुटबॉलचा सामना. हरलो तर मला प्रशिक्षकपदावरून नारळ मिळणार. क्लबचे अध्यक्ष तसं तोंडाने बोललेले नाहीत. ते फक्त माझ्या खोलीत शिंप्याला घेऊन आले आणि पडद्याचं माप घ्यायला लावलं, कारण नव्या माणसाला दुपारचं ऊन लागेल. मी खुर्चीतच होतो. मीच उठून फीत धरली.

आता तुला ठाऊकच आहे, मध्यंतरात मी भाषण करतो. आरशासमोर चार वेळा म्हणून बघतो, पराभवातून उभं कसं राहायचं वगैरे सगळं त्यात असतं. पण ते ऐकून पोरं बाहेर गेली की हरतात. पुढे असलो तरी हरतात. आमचा गोलकीपर (त्याला सगळे भिंत म्हणतात, पण चेंडू आत घ्यायला दारं भरपूर आहेत) एकदा भाषणाने इतका गहिवरला की डोळे पुसेपर्यंत चेंडू आत. दुसरा एक आहे, त्याचं टोपणनाव जावई. पळ म्हटलं की चालतो आणि चाल म्हटलं की रुसतो. तो तर माझं भाषण सुरू झालं की बूट काढून आडवाच होतो.

गेल्या सामन्यात मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागे होतो. अध्यक्ष जिना उतरून माझ्याच रोखाने येताना दिसले. मी पटकन सामानाच्या खोलीत शिरलो. आमच्या माळीबुवांना उघडं दार दिसलं की जाता जाता बाहेरून कडी घालायची सवय. त्यांनी घातली. ओल्या मोज्यांच्या ढिगावर बसून मी दार बडवत होतो, पण बाहेर आरडाओरडा एवढा की कोण ऐकणार? प्रत्येक आरोळी म्हणजे आमच्यावर गोल, असं मी धरलं. मनातल्या मनात आम्ही मोठ्या फरकाने हरलो होतो. दार उघडलं तेव्हा कळलं, आम्ही जिंकलो होतो. जावईसुद्धा पळाला होता म्हणे!

कर्णधाराने अध्यक्षांना सांगितलं, "सरांनी आज मुद्दाम काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं." अध्यक्षांनी पाठ थोपटली. पण बाहेर आल्यावर तोच कर्णधार हळूच मला म्हणाला, "सर, रविवारीपण तिकडेच बसाल का?"

ताई, हरायची भीती मला जुनीच आहे, तिच्यासकट जेवतो-खातो. पण माझ्यावाचून ही पोरं जिंकतात, या भीतीने मात्र घास उतरत नाही.

असो. रविवारी आम्ही मेहनतीने आणि सचोटीने खेळू. लबाडी मला चालत नाही, हे मी तुला सांगायला नको. भाचरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत माझं भाषण पाठवतो आहे. भावोजींच्या कोटाच्या खिशात ठेव आणि तूच लिहिलंस म्हणून सांग. तुझा शब्द ते मोडत नाहीत. मध्यंतरात सगळं वाचायला लाव, शेवटचं पानही. (ते हरले तरी त्यांना कोणी काढणार नाही, त्यांच्या संघाचं मैदान त्यांच्या काकांचंच आहे.)

आणखी एक. आत मी होतो हे कळल्यापासून माळीबुवा कडीला हात लावत नाहीत; म्हणतात, सरांना कोंडायचं कसं? तेव्हा मध्यंतराला सामानाच्या खोलीपाशी ये आणि मी आत शिरलो की कडी तू घाल. मी कितीही दार वाजवलं, काकुळतीला आलो, तरी उघडू नकोस. जिंकलो तर सगळ्यांदेखत उघड. आणि हरलो, तर गुपचूप आत ये आणि थोडा वेळ माझ्याजवळ बस.