बिनमटणाचं पातेलं

प्रिय आई,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले, भांडी घासून झाली, तरी एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून लिहायला बसले.

आमच्या दवाखान्यातल्या परदेशी नर्स, मार्थाबाई, आठवतात ना? संगमनेरात राहून त्यांना स्वतःच्या गावची, म्हणजे पार दक्षिण अमेरिकेतली, आठवण यायची. तिकडचा तो पदार्थ त्यांनीच मला शिकवला. केळ्यांचा थर, त्यावर खिम्याचा, वर पुन्हा केळी, आणि झाकणावर निखारे. त्यांच्याकडे केळी तेलात तळतात म्हणे. पण अण्णांना डॉक्टरांनी तेल-तूप बंद केलेलं, म्हणून मी ती उकडून कुस्करली आणि तेल चमचाभरच घातलं.

अण्णा केवढे भडकले होते! "उपासाचं फळ आन् मटान एका भांड्यात? कुठं फेडशील गं हे पाप?" आणि मग दोनदा मागून घेतलं. लबाड कुठले!

तुझ्या गळ्यात तुळशीची माळ. मटणाची चूल अंगणात, भांडी वेगळी, तरी रांधायचीस तूच, आणि अंघोळ करून मगच घरात यायचीस. कधी न चाखता, मीठ नुसत्या वासावर घालायचीस. कसं जमायचं गं तुला?

त्या दिवशी मात्र तू चुलीपाशी घुटमळलीस. "वास लई ग्वाड सुटलाय गं. माझ्यापुरतं येगळ्या पातेल्यात, बिनमटनाचं करशील का?"

केळी संपली होती. "पुढच्या बाजाराला करते," म्हणाले मी. उभ्या जन्मात तू स्वतःसाठी मागितलंस ते एवढंच. आणि पुढच्या बाजारात केळी होती, आई. मीच विसरले.

पण तू तरी पुन्हा का बोलली नाहीस? चिडून एकदा म्हणायचंस तरी! मग विहिरी आटल्या, त्या दुष्काळात बाजारात केळं दिसेना, आणि ऐन उन्हाळ्यात तूच गेलीस.

काल केलं मी ते. नवं छोटं पातेलं आणलं, खिम्याऐवजी मोडाची मटकी घातली. नैवेद्याचं, म्हणजे आधी चाखायचं नाही. मीठ घेतलेला हात तसाच थांबला. तू जन्मभर कशी रांधत होतीस, ते तेव्हा कुठे मला कळलं. मीही तुझ्यासारखा वास घेतला आणि अंदाजानं मीठ टाकलं.

नैवेद्य दाखवून झाल्यावर अण्णा म्हणाले, "मलाबी त्यातलंच वाढ." एक घास खाल्ला. "मीठ कमी हाय," म्हणाले. "तिचं कदी चुकलं न्हाई." मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले. मला काही ते बघवलं नाही, मी अंगणात निघून गेले.

आई, आता हा पदार्थ घरात होईल तेव्हा आधी तुझं पातेलं चुलीवर चढेल, मग आमचं. आणि तुझ्यासारखं मीठ पडेपर्यंत मी ते न चाखताच करत राहीन.

तुझी विसराळू,
कुसुम