भुजंगप्रयातात धुतलेली काच

३ जून, सकाळ
जाग आली ती शाळेतल्या गुरुजींच्या पट्टीने. पंचावन्न वर्षं झाली, पट्टी टेबलावर पडतेच आहे. लगागा, लगागा, लगागा, लगागा. भुजंगप्रयात! कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं याच ठेक्यावर काच धुतली. एक बीकर, ब्रशचे चार वळसे. निवृत्तीनंतर दर वर्षी मुदतवाढ मिळते ती उगाच नाही. यंदाचा निर्णय तीस तारखेला. निव्वळ औपचारिकता.

५ जून
अल्ट्रासोनिक क्लीनर आला. स्टीलचं टोपलं, त्याला बटणं. मेकॅनिक म्हणाला, आत कानाला न ऐकू येणारा आवाज असतो, त्याने पाण्यात बारीक बुडबुडे फुटतात आणि मळ सुटतो. ऐकूच येत नाही तो आवाज कसला? विभागप्रमुख बाईंनी मला शिकून घ्यायला सांगितलं. विचार करतो म्हणालो.

८ जून
संकल्प: सोमवारपर्यंत माहितीपुस्तक पाठ. पहिलं पान झालं. भाषेला अजिबात लय नाही.

११ जून, रात्री
माझ्या कपाटातले तीस बीकर यंत्रात घातले. सात तडकले. फार वाईट वाटलं. लगेच तक्रार लिहिली, दोन प्रतींत. घरी ही म्हणाली, नातू झाल्यासारखा चेहरा का झालाय?

१५ जून
मेकॅनिकने तडकलेले तुकडे दिव्यासमोर धरले. प्रत्येकात आतून चार ओरखडे, एकाच उंचीवर. मग माझा ब्रश मागितला. टोकाचे केस झिजून तार बाहेर आलेली. ओरखडा पडलेली काच यंत्रात घालायची नाही, हे म्हणे दुसऱ्याच पानावर आहे. स्टोअरमधले नवे बीकर घातले. एकही तडकला नाही.
बाईंनी विचारलं, "काका, ब्रश कधी बदललात?"
मी म्हणालो, हाताला बसलेली वस्तू कोणी बदलतं का?
त्या बराच वेळ कपाटाकडे बघत राहिल्या. आतल्या दोनशे बीकरांकडे. त्यांना यंत्राची लाज वाटत असावी.

१७ जून
मीच आव्हान दिलं. नवे वीस बीकर, दहा यंत्राला, दहा मला. ब्रशही नवा, म्हणजे माझं नुकसानच. नियम असा: धुतलेल्या काचेवरून पाणी सलग ओघळलं पाहिजे, थेंब थांबता कामा नये. यंत्राच्या एकाही बीकरवर थांबला नाही. माझ्या सहांवर थांबला. दवबिंदूंकडे बघायची दृष्टी उरलीच नाही कोणाला, असं म्हणालो. टाळ्या पडल्या नाहीत.

२२ जून
रजा टाकली. महिनाअखेरपर्यंत मी नसलो की कळेल.

२५ जून
कोणाचा फोन नाही. शरमले असतील.
हिने स्वतःच्या फोनवरून माझा लावून बघितला. वाजला. नीट वाजला.

२७ जून
तरुणांची चलती आहे, दुसरं काय! मिसरूड न फुटलेला कोणीतरी आणतील आणि महिन्यात हात जोडत येतील. संकल्प: दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा हो.

३० जून, संध्याकाळी ६
इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. बेल वाजली. ही उठत होती, तिला बसवलं. दोन्ही नकार मनात घोळवत दार उघडलं.
बाई नव्हत्या. शिपाईही नव्हता. आमचा जुना स्टोअरकीपर. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, गुडघ्यांनी बेजार, जिना चढून धापा टाकत होता.
म्हणाला, "मला बोलावलंय उद्यापासून. तुझ्या जागेवर. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा म्हटलं आपणच सांगावं."
मी विचारलं, तुला यंत्रातलं काय कळतं?
"काही नाही. तेच सांगितलं बाईंना. तर म्हणाल्या, माहीत नसलं की विचारणाराच माणूस हवाय."
आत ये म्हणालो. दोनदा म्हणालो बहुतेक. तो चपला काढेपर्यंत मी दार धरून उभा होतो.