नवरदेवाची क्वाड बाइक

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

आजपासून रोजनिशी. धंदा करणाऱ्या माणसाने लिहून ठेवलं पाहिजे.

क्वाड बाइक आली. टिटवाळ्याच्या पुढे एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथली. सेकंडहँड आहे, पण चार जाड चाकं, लाल रंग, दोघांची सीट. आयडिया माझी: हळदीला नवरदेवाची एंट्री. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी होते. घोडा जुना झाला, बुलेट सगळ्यांकडे आहे. क्वाड बाइक कळव्यापासून डोंबिवलीपर्यंत कोणाकडे नाही.

वागळे इस्टेटमधली पॅकिंगची नोकरी सोडली. सुदेश साहेब म्हणाले, एक डिसेंबरपर्यंत जागा ठेवतो, मग दुसरा मुलगा घेईन. मी म्हटलं, साहेब, आजच घ्या. सगळ्यांसमोर म्हटलं.

आईने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. लिंबू-मिरची कुठे बांधायची यावर वाद झाला. बाबा म्हणाले, होडीला तोंडाशी बांधतो तशी पुढे बांध. पण पुढे फुलांचं डेकोरेशन येणार. मागे सीटखाली एक लाल दोरी लोंबत होती, वर गाडीत खोचलेलं रबरी बूच, खाली कडी. कशासाठी ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मी आईला तीच दाखवली. लिंबू, सात मिरच्या, बिब्बा, सगळं नीट बसलं. जागा मी निवडली म्हणून.

संध्याकाळी

चालू होत नाही. रिसॉर्टवर एका बटणात चालू झालेली. टेम्पोत हादरे बसलेत. विश्रांती द्यावी.

सोमवार, ३ नोव्हेंबर

स्टार्टर फिरतो, खर्र खर्र करतो, इंजिन पेटत नाही. म्हणजे एकतर पेट्रोल नाही किंवा ठिणगी नाही. आयटीआय मी एका टर्मनंतर सोडलं, पण एवढं त्या टर्ममध्येच शिकवलेलं.

पेट्रोल जुनं होतं. काढून नवीन भरलं. फरक नाही.

हँडलवरचं लाल बटण चालू बाजूला आहे. हे आधीच बघितलं. लोक तेच विसरतात आणि महिनाभर गाडी उघडत बसतात. मी त्यातला नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्लग काढला. काळाकुट्ट. पॉलिश पेपरने घासला. प्लग इंजिनला टेकवून बटण दाबलं. ठिणगी नाही. नवीन प्लग आणला. ठिणगी नाही. दुकानदाराने नकली दिला असणार.

भावेश आला. चंद्रभागा मावशीचा मुलगा. एकोणतीस तारखेला त्याची हळद, पहिली बुकिंग त्याचीच. होणारी बायको प्राप्ती सगळ्या मैत्रिणींना सांगून बसलीय की आमचा नवरा क्वाडवर येणार. भावेशने विचारलं, चालू करून दाखव ना. मी म्हटलं, इंजिन गरम आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चालू झाली! पहिल्या बटणात! खाडीच्या बाजूला दोन चकरा मारल्या. बाबा जाळं दुरुस्त करत बसलेले. बघितलं, परत जाळ्यात मान घातली. जळतात.

काल बॅटरी चार्ज केलेली. तोच प्रॉब्लेम होता. मला पहिल्यापासून वाटत होतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी आईने वाळलेलं लिंबू काढून ताजं बांधलं. छान मोठं, रसरशीत. संध्याकाळी भावेशला बोलावून बटण दाबलं. खर्र खर्र. भावेशबरोबर त्याचा दोस्त पोपट होता, डीजेचा टेम्पो चालवणारा. तो म्हणाला, अरे वा, आवाज तर मिक्सरचा काढलाय, चटणी पण निघते काय रे? भावेश हसला. नवरदेवाने असं हसू नये.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वायरिंग तपासलं. फ्यूज बरा. इग्निशन कॉइल बदलली. तरी नाही. पोपटने सहज विचारलं, अजून कुठे एखादं स्विच-बिच आहे काय? मी म्हटलं, मी इंच इंच बघितलंय. त्याने मागच्या बाजूला हात घातला, तर आई ओरडली की चपला काढ, तिथे लिंबू बांधलंय. त्याने हात काढला. बरं झालं. अर्धवट माणसांनी गाडीला हात लावला की बिघाड वाढतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चालू! कॉइलच होती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बंद.

रविवार, १६ नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. शुक्रवारी चालते, शनिवारी बंद पडते. यात काहीतरी आहे. शनिवारी आमच्या लाइनला व्होल्टेज कमी असतं. त्याचा गाडीशी संबंध नाही हे माहीत आहे, तरी लिहून ठेवलं.

आई म्हणते, नजर आहे, शेजारची सगुणा रोज कपडे वाळत घालताना टक लावून बघते. मी असलं मानत नाही. पण सगुणाकाकू बघते हे खरं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

बॅनर आला. "हार्दिक" मध्ये दि दीर्घ काढलेला. परत पाठवला. धंद्यात चूक चालत नाही.

गाडी बंद पडल्यापासून बाबा आज पहिल्यांदा बोलले. म्हणाले, होडी बंद पडली तर वल्हं असतं, हिला काय आहे? उत्तर देणार होतो. सुचलं तेव्हा ते खाडीत पोचलेले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सीडीआय बदललं. ठिणगी कधी द्यायची ते हा डबा ठरवतो. मी स्वतः बसवलं आणि पहिल्या बटणात चालू. आता कायमचं झालं. भावेशला मेसेज: टेन्शन संपलं. त्याने अंगठा पाठवला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

शनिवारपासून बंद. सीडीआय नकली. या देशात खरी वस्तू मिळत नाही.

सुदेश साहेबांचा फोन. जागा अजून आहे म्हणाले. मी म्हटलं, साहेब, सीझन चालू आहे, वेळ नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

चालू. दहा वेळा बंद करून दहा वेळा चालू केली. आता हात लावायचा नाही.

उद्याचा दिवस महत्त्वाचा. आईला म्हटलं, उद्या एक नको, दोन लिंबं बांध. आई खूश झाली. म्हणाली, एवढं मोठं झाल्यावर तरी अक्कल आली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

थोडक्यात लिहितो.

बँड तयार. वाजवणारे गालफडं फुगवून उभे. भावेश पिवळ्या कुर्त्यात, गॉगल लावून माझ्यामागे. मांडवाच्या तोंडाशी दोनशे माणसं मोबाइल वर करून उभी. प्राप्तीच्या बहिणी व्हिडिओ कॉलवर. बटण दाबलं.

खर्र खर्र.

परत दाबलं. बँडवाल्याला वाटलं हाच इशारा, त्याने सुरू केलं. सगळे नाचायला लागले, आम्ही जागच्या जागी. भावेश कानात म्हणाला, ऋत्या, चालव ना रे. मी म्हटलं, एक मिनिट. असं पाच वेळा म्हटलं. शेवटी आमच्या मामांनी ढकलायला घेतली. अर्ध्या गल्लीत एकाचा दम गेला. चंद्रभागा मावशी पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, उतर रे बाला, तुला दोन पाय दिलेत ना देवाने! भावेश उतरला. चालत गेला. गॉगल काढून.

गाडी मी एकट्याने ढकलत घरी आणली. मागून बँडचा आवाज येत होता. वाटेत बाबा भेटले. मागून हात लावला. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

भावेशच्या लग्नाला गेलो नाही. पोट बिघडलेलं.

संध्याकाळी पोपट आला. म्हणाला, पडेल भावाने दे, टेम्पोसमोर शोसाठी लावीन. दिली. आईने आधी लिंबं कापून घेतली. आपल्या घरची लिंबं दुसऱ्याच्या गाडीबरोबर देत नाहीत. पोपट मागे वाकला, म्हणाला, हे बूच अर्धं बाहेर का आलंय? अंगठ्याने दाबलं. टक् असा आवाज झाला. बटण दाबलं. गाडी चालू.

दोरी ओढली. बंद. बूच दाबलं. चालू. मग तो रस्त्यावरच बसून हसायला लागला. म्हणाला, अरे माणूस पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून असते ही दोरी, आणि तुम्ही तिला भाजीबाजार टांगला! ताजं लिंबू जड, बूच खाली ओढतं; वाळून हलकं झालं की बूच परत बसतं; काल तर दोन बांधलीत, बूच अडकूनच राहिलं, एवढंच रे!

मी त्याला सांगितलं की हे माझ्या तपासायच्या यादीत होतं, फक्त नंबर यायचा होता.

आई आत गेली. जेवायला वाढताना म्हणाली, मला तूच दाखवलेली ती दोरी. मी म्हटलं, बांधलं कोणी?

सोमवार, १ डिसेंबर

पहिली शिफ्ट. सुदेश साहेबांनी पॅकिंगचं टेबल दाखवलं, तेच जुनं, खिडकीपासून लांब. सगळ्यांसमोर विचारलं, काय रे ऋतुराज, गाडी कुठे लावलीस?

म्हटलं, सर्व्हिसिंगला दिलीय.