हिरोच्या बापाचा पार्ट

९ जानेवारी २०२६, शुक्रवार
माफी असावी. खतवाल्याने ही डायरी एक तारखेलाच दिली होती, मी आज नऊला उघडतोय. आळस नाही. चष्म्याची काडी मोडली होती. शिवाय प्रत्येक पानावर 'हवामान' आणि 'फवारणी' असे दोन रकाने छापलेत, त्यात मनातलं कुठं लिहायचं ते ठरत नव्हतं. आता रकाने सोडून लिहितो. कोणी वाचणार नाही, त्यामुळे सगळं खरं लिहायचं ठरवलंय.

आमचा सत्यजीत पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून घरी आलाय. सत्यजीत म्हणजे टीव्हीवरचा इन्स्पेक्टर. चार वर्षं रोज साडेसातला दिसायचा. त्या अर्ध्या तासात आमच्या मांडवगणात कुत्रं रस्त्यावर नसायचं. मग दारू लागली. लग्नाच्या सीनमध्ये नवरदेवाच्या अंगावर पडला. चॅनेलने इन्स्पेक्टरला ट्रकखाली घातला. शेजारची धुरपदा तेव्हा आमच्याकडे भेटायला आली होती, डोळ्याला पदर लावून.

ठराव: पोराला जपायचं. आणि त्याच्यावर नाटक लिहायचं. २६ तारखेला संध्याकाळी गावात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आहे. सत्यजीतचा पार्ट सत्यजीत करील. बापाचा मी. दुसऱ्या कोणाला झेपणार नाही.

१० जानेवारी
अकरा पानं लिहिली. एका बैठकीत. सातवी नापास माणसाला हे जमतं, मग शिकलेले करतात काय?

तळेगाव ढमढेऱ्याचे पोपट मास्तर नाटक बसवणार. शाळेत तीस वर्षं गॅदरिंग बसवलंय त्यांनी. वाचून म्हणाले, अकरातल्या नऊ पानांवर बापच बोलतोय. मी म्हटलं, बाप हा नाटकाचा कणा आहे.

पहिला प्रवेश: मुंबईतली पार्टी. जाडा प्रोड्युसर सत्यजीतला पहिला ग्लास पाजतो. त्याच क्षणी इकडे गावी आबा, म्हणजे मी, देवापुढे बसलेत आणि समई विझते. मास्तरांनी विचारलं, समई विझवायची कशी. टेबलफॅन.

१२ जानेवारी, सोमवार
सत्यजीतला नाटक वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्याने. मग म्हणाला, "आबा, पैला ग्लास मुंबईत न्हाई. अण्णासाहेबांच्या आंबेबागेत. माझा सत्कार व्हता, आन् ग्लास तुम्ही दिला माझ्या हातात. काय बोलला व्हता ते बी पाठ हाय मला. तेवढा प्रवेश खरा लिहा, मी पार्ट करतो."

अण्णासाहेब म्हणजे आमच्या गावचे मोठे बागायतदार. त्यांच्याशिवाय गावात नारळ फुटत नाही.

मी म्हटलं, बारा वर्षांपूर्वीचं आता उकरून काय करायचं. तर म्हणाला, मला कोणाला शिक्षा करायची नाही. ते एकट्या मलाच आठवतंय, तेवढं नको झालंय.

केंद्रात असलं बोलायला शिकवतात वाटतं. इन्स्पेक्टर असताना बरा बोलायचा.

१३ जानेवारी, सकाळी ६
मला काही आठवत नाही.

६.३०
फेटा आठवतो. गुलाबी. ग्लास आठवत नाही.

७.००
ग्लास होता. आत काय होतं कोणास ठाऊक. बागेत पाहुण्यांना ताकसुद्धा देतात.

७.१५
ताक पिवळं नसतं. पण दिवेलागणीला सगळंच पिवळं दिसतं.

ठराव: उद्या लिहायचं म्हणजे लिहायचं.

१४ जानेवारी
संक्रांत. गोड बोलायचा दिवस. आज असलं लिहिणं शोभत नाही.

१५ जानेवारी
किंक्रांत. आज नवीन काम करू नये.

१६ जानेवारी
पेन चालेना. दुसरं पेन चाललं, पण गुडघा दुखायला लागला.

अण्णासाहेबांनी बोलावून घेतलं. मांडव त्यांचा, स्पीकर त्यांचा, पहिल्या रांगेतला सोफाही त्यांचाच. नाटक झाल्यावर लेखकाचा सत्कार करणार म्हणाले. लेखक म्हणजे मी. नाटकात काय आहे विचारलं. मी सांगितलं, मुंबईने पोराला बिघडवलं. ते म्हणाले, खरंय हौसराव, मुंबईच वाईट. स्वतः मला फाटकापर्यंत सोडायला आले.

आता अशा माणसाची बाग नाटकात कशी घालायची? सत्यजीतला माणुसकी कळायला पाहिजे.

१९ जानेवारी
सत्यजीत पहाटे उठतो, म्हशीची धार काढतो, उसाला पाणी देतो. अंग भरलंय. माझ्या देखरेखीचा परिणाम.

सारजाबाईने आज भाकरी थापता थापता विचारलं की दोन ओळींना किती दिवस लागतात, अकरा पानं तर एका दिवसात झाली होती. तिला म्हटलं, लिहिणं म्हणजे भाकरी नव्हे. ती म्हणाली, ते दिसतंयच, भाकरीने पोट तरी भरतं.

चाळीस वर्षं संसार केला, पण कलेची जाण नाही.

२१ जानेवारी
खबरदारी म्हणून घरातलं खोकल्याचं औषध, स्पिरिट, सगळं लपवून ठेवलं. संध्याकाळी मला खोकला झाला. औषध कुठं लपवलं ते आठवेना. सत्यजीतने शोधून दिलं. तांदळाच्या डब्यात होतं. बूच तसंच होतं. तपासलं मी.

त्याने मला तपासताना पाहिलं. चमचा आणून दिला.

२३ जानेवारी
लिहिला! प्रवेश लिहिला!

आंबेबाग. फेटे, हार. काळा गॉगल घातलेला एक अनोळखी इसम येतो आणि सत्यजीतच्या हातात ग्लास देतो. आबा त्या वेळी पलीकडे लघवीला गेलेले असतात.

मास्तरांनी विचारलं, हा इसम कोण. मी म्हटलं, समाज. ते म्हणाले, मग समाजाचा पार्ट सलूनवाल्या सतीशला देऊ, त्याच्याकडे गॉगल आहे.

सत्यजीतने कागद वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि पार्ट करतो म्हणाला. शेवटी पटलं ना! मला खात्री होती. बाग घातली, ग्लास घातला, अजून काय पाहिजे माणसाला?

२५ जानेवारी
रंगीत तालीम उत्तम. टेबलफॅनने समईबरोबर मास्तरांची पानंही उडाली. मास्तर म्हणाले, बापाने एवढं रडू नये, लोकांना कंटाळा येईल. रडणं थोडं कमी करीन. बघू.

२७ जानेवारी, सकाळ
काल नाटक झालं. यशस्वी झालं असंच म्हणावं लागेल.

आंबेबागेचा प्रवेश आला. सतीश गॉगल लावून ग्लास घेऊन निघाला. सत्यजीतने त्याला हाताने मागं सारलं आणि ग्लास स्वतः घेतला. मग विंगेत येऊन माझा दंड धरला. मी अजून लघवीहून यायचा होतो, तसं मी त्याला सांगितलंही. त्याने ऐकलं नाही. मला मधोमध उभं केलं, ग्लास माझ्या हातात दिला आणि माईकपासून जरा लांब होऊन म्हणाला, "आबा, त्या दिवशी बोलला व्हता तेवढंच बोला. मग मी हितंच राहतो. कुठं जात न्हाई."

सोफ्यावर अण्णासाहेब, मांडीवर माझ्या सत्काराची शाल. मागं बायकांत सारजाबाई उभी राहिली होती. वाक्य माझ्या अगदी दातांपाशी आलं होतं. हे मी शपथेवर लिहितो. मी तोंड उघडलं.

"भारतमाता की," मी म्हणालो.

सगळा मांडव म्हणाला, जय. तीनदा झालं. मास्तरांनी पडदा पाडला. टाळ्या थांबेनात.

माझ्या मते शेवट जमला. प्रजासत्ताक दिन होता, प्रसंगाला धरूनच होतं. शाल मिळाली, नारळ मिळाला. फोटोत मी आणि अण्णासाहेब. सत्यजीत फोटोला नव्हता. मागं खुर्च्या उचलत होता.

२८ जानेवारी
सत्यजीत सकाळच्या एसटीने दौंडला गेला. आईकडून भाकरी-पिठलं बांधून घेतलं, माझ्या पाया पडला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर समजूत काढली असती. त्यात माझा हातखंडा आहे.

शूटिंग असणार.

दुपारी २
मागोमाग जीपने दौंड स्टेशनला गेलो. सहज, एक काम होतं. दोन्ही बाजूंना गाड्या जातात, कुठली बघायची? चहावाल्याला विचारलं, टीव्हीतले इन्स्पेक्टर दिसले का. तो म्हणाला, बाबा, ते कधीच ट्रकखाली गेले.

चहा पाणचट होता.

३१ जानेवारी
फोन लागत नाही. रेंजचा प्रश्न असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार
रेंजचा प्रश्न नाही. आईला दोनदा फोन आला. पीत नाही म्हणाला. काम मिळालंय, कसलं ते सारजाबाई सांगत नाही. पत्ता तिच्याकडे आहे, तोही सांगत नाही. एवढंच म्हणाली, "त्यो म्हनला, तोंडानं जमत नसंल तर आबांना लिवून द्या म्हनावं. मी पाठवती."

तर लिहितो.

सत्या, तुझा सत्कार होता. अण्णासाहेबांनी ग्लास पुढं केला. तू दोनदा नको म्हणालास. मी तो त्यांच्या हातातून घेतला, तुझ्या हातात दिला आणि म्हणालो, "घे, मोठ्या माणसाला न्हाई म्हनू नये, एकानं काय हुतंय." आत काय होतं ते मला माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला ते बरं वाटत होतं.

बास. एवढंच होतं. पाव पानसुद्धा भरलं नाही.

हे पान फाडून सारजाबाईला द्यायचं आहे. आज ती पापडाच्या कामात आहे, म्हणून उद्या. शिवाय अक्षर फार वाईट आलंय, एकदा स्वच्छ लिहून काढतो. पाठवणार हे नक्की. तोवर तूच खुशाली कळव. वाट बघतोय, उशीर करू नकोस. मिस कॉल दिलास तरी कळंल मला.