रानजाईला लावलेली तीट

लढाऊ जहाज रानजाई
मंगळवार, तारीख १४

शकूताईला हर्षलाचा नमस्कार.

मी बरी हाय. तू न् दाजी बरे असाल. माझा स्वराज धरून उभा राहतो का गं? त्याला माझा फोटो दाखवत जा. दहिवलीला तुझ्याजवळ हाय म्हणून मला घोर नाय, असं लिहिते. पण हाय.

इकडं भटारखान्यात रोज दोनशे माणसांचं जेवण. बाहेर नुसता काळोख न् तारे. आपला सूर्य पण आता त्यांतलाच एक, कोणता ते दुसऱ्यानं दाखवायला लागतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं नाय. लढाई झाली. आमच्या मागच्या कोठाराला गोळा लागला. दोघं भाजली. मला काय नाय झालं.

कशेळ्याच्या वरच्या वाडीतला पोशा इथं तोफेवर हाय, सांगितलं होतं ना. त्यानं हुकूम नसताना तोफ डागली. त्या उजेडात आमी दुश्मनाला दिसलो. तो म्हणतो, "समोर काळं जहाज होतं, या डोळ्यांनी बघितलं." कोणी मानत नाय. बाकीचे हसतात, "काय रं पोशा, रानातलं भूत इथवर आलं का तुझ्या मागं?" त्याला कोंडलाय. शुक्रवारी कप्तानबाई निकाल देणार. भेकड म्हणून कागद करून घरी धाडतील. त्याची बायको आवडी वाडीत तोंड कसं दाखवील?

ताई, काळं जहाज नव्हतं. तीट होती.

त्या सकाळी मी तोफेच्या खोलीत चहा घेऊन गेली. सगळे म्हणत होते, काय देखणी आपली रानजाई, हिला कोण हात लावतंय! असं बोलतात का कोणी? स्वराजची काजळाची डबी माझ्याजवळच असते. तोफेचा नेम धरताना बाहेर बघायची गोल काच हाय तिथं. तिच्या कडेला एवढीशी तीट लावली. त्या काचेतून मोहरी पण डोंगराएवढी दिसते, मला काय ठावं? मला जिवंत घरी यायचं होतं गं.

पोशाला ओढत नेला तेव्हा कळलं. मग मी गुपचूप जाऊन ओढणीनं पुसून टाकली.

पाच दिवस त्याचं जेवण मीच नेते. काल म्हणाला, "हर्षलाताई, माझे डोळे गेले का गं?" मी म्हटलं, "आधी जेव."

सोमवारी घरी जाणारी बोट हाय. तिच्यात माझं नाव लागलंय. गप्प बसली तर महिन्यात स्वराज माझ्या कडेवर. बोलली तर मला ठेवून घेतील, किती दिवस ते ठावं नाय.

कप्तानबाईंच्या चहाची वेळ झाली. ट्रेमधी कपाच्या बाजूला ती डबी ठेवलीय.

स्वराजला तीट लावतेस ना? लाव. न् कशेळ्याला जाऊन आवडीला सांग, तुझा नवरा घाबरला नव्हता. त्याला काळं दिसलं होतं, ते मी लावलं होतं.

हे पत्र त्याच बोटीनं येईल. मला तिच्यात शोधू नको.

तुझी,
हर्षला