एका रक्ताच्या दोन नळ्या

१२ मार्च

प्रिय ताई,

तू म्हणशील, फोन असताना हे पत्राचं काय खूळ. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक. दुसरं म्हणजे जे सांगायचंय ते सलग सांगायला हवं आणि मध्ये तुझं "अगं पण" आलं की माझा धागा तुटतो. तेव्हा मुकाट्याने वाच.

इकडे सगळं ठीक. तलावाचं पाणी गरम करायचं यंत्र पुन्हा बंद पडलंय. मोठ्यांचा वर्ग ओस पडलाय, पोरांना मात्र काही फरक नाही. ओठ निळे पडले तरी उड्या मारणं चालूच. माझा खांदा आहे तसाच आहे. वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीने मी सांगून सांगून थकल्यावर एकदाचं मशीन भिंतीपासून दूर सरकवलं, त्यामुळे दुपारी जरा डोळा लागतो. भावजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना उतरताना कठडा धरण्यात काही कमीपणा नाही.

तुला कायमची दिवसपाळी मिळाल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. इतकी वर्षं रात्रभर भट्टीपुढे उभी राहिलीस आणि दिवसा पडदे ओढून झोपलीस. आता सकाळचं ऊन बघून चक्रावत असशील. सिगरेट सुटल्यापासून पावाचा वास नव्याने येतो, असं बेकरीत सगळ्यांना सांगत सुटली आहेस म्हणे. छान आहे. खरंच छान आहे. माझं कौतुक कागदावर कोरडं दिसतं, ते तू ओलं करून वाच.

आता मुद्दा.

जुळ्यांचा अभ्यास करणाऱ्या त्या केंद्रातून मला फोन आला होता. दरवर्षी आपल्या दोघींचं रक्त घेऊन झोप, जेवण, तंबाखू, दगदग अशी शंभर चौकशा करणाऱ्या चष्मेवाल्या डॉक्टरबाई होत्या. आवाज अवघडलेला. म्हणाल्या, "राग मानू नका, पण तुम्ही सिगरेट ओढायला लागलात का?"

म्हटलं, "बाई, मी पोहायला शिकवते. बहीण घरी येऊन गेली की मी खिडक्या उघडते."

"मागच्या खेपेला घेतलेल्या तुमच्या रक्तात पुष्कळ वर्षांच्या सिगरेटच्या खुणा आहेत. आणि तुमच्या बहिणीच्या रक्तात एकही नाही. त्याआधी दरवर्षी बरोबर उलटं होतं."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. आपली जनुकं अगदी एकसारखी आहेत. पण त्यातलं कुठलं जनुक किती काम करणार आणि कुठलं गप्प बसणार, हे त्यांच्यावर बसलेल्या बारीक रासायनिक खुणांवरही ठरतं. आपण जगतो तशा त्या खुणा बसत जातात. धूर, जागरण, खाणं, हालचाल, मनाला लागलेला घोर, सगळ्याच्या. एकाच नकाशावरून बांधलेली दोन घरं घे. दिव्यांची बटणं त्याच भिंतींवर, पण कुणाकडे कुठला दिवा दिवसरात्र जळतो हे राहणारा ठरवतो. लहानपणी आपल्या खुणा जवळजवळ सारख्या असणार. आता त्यांना त्या बघून आपण दोघी वेगळ्या ओळखू येतो. आईला जे जन्मभर जमलं नाही ते यांना एका थेंबात जमतं.

"असं का झालं असेल बरं," असं म्हणून मी फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले. कारण असं का झालं ते मला चांगलं माहीत होतं.

तुला आठवतंय? मागच्या खेपेला नर्सने तुझं नाव पुकारलं तेव्हा तू खाली फाटकाशी धूर काढत होतीस. मी उठले आणि आत गेले. मग तू वर आलीस, माझं नाव पुकारलं, तू गेलीस. आपल्यात हे जन्मापासून असंच आहे. जी जवळ असेल ती जाते. बूट घ्यायला आई एकीलाच न्यायची आणि दोन जोड आणायची. शाळेत लस टोचायला आले तेव्हा मी बाकाखाली लपले, तू माझ्या नावावर पुन्हा रांगेत उभी राहिलीस आणि घरी येऊन तापाने फणफणलीस. त्या दिवशी जिन्यात मी तुला म्हटलंही, अगं, नळीवर तुझं नाव आहे आणि आत रक्त माझं. तू म्हणालीस, "रक्त काय, एकाच पिंपातलं!" आणि आपण दोघी खिदळत बसस्टॉपवर गेलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझ्या नावाने रिपोर्ट आला की किडन्या नीट काम करत नाहीत, डॉक्टरला दाखवा. तू रडलीस, भावजी तुझ्याहून जास्त रडले. होतं ते पाकीट तू नळाखाली धरलंस आणि पुन्हा सिगरेटला हात लावला नाहीस. मी फोनवर काय म्हणाले होते तेही तुझ्या लक्षात असेलच. "सांगत नव्हते?" असं म्हणाले होते. पुढे तुझ्या तिथल्या दवाखान्यात तपासलं तर सगळं उत्तम. डॉक्टर चाट पडले, तरी पुन्हा उलटेल म्हणून जपायला सांगितलं. तू म्हणालीस, मनावर घेतलं की काय होत नाही!

ताई, तुझ्या किडन्या कधी बिघडल्याच नव्हत्या. तो रिपोर्ट माझा होता.

आपल्या दोघींपैकी एकीलाही तेव्हा जिन्यातलं बोलणं आठवू नये, याचं मला आधी नवल वाटलं. मग वाटेनासं झालं. सिगरेट तुझी, जागरणं तुझी, मग दुखणंही तुझंच असणार. तुलाही ते पटलं आणि मलाही. मला तर जरा जास्तच पटलं.

काळजीसारखं काही नाही. मी पुन्हा रक्त दिलंय, बघतायत. खांद्यासाठी रोज पाण्यात उतरण्याआधी मी पेनकिलर घ्यायचे, कित्येक वर्षं, ती बंद करायला सांगितलीय. बस्स. एवढ्यासाठी धावत येऊ नकोस, नवी पाळी आहे तुझी.

एकच कर. सिगरेट सुटली आहे ती सुटलेलीच राहू दे. डॉक्टरबाई म्हणाल्या, सोडली की त्यातल्या बऱ्याच खुणा हळूहळू पुसट होतात. सगळ्या नाही, पण बऱ्याच. रिपोर्ट तुझा नव्हता, तरी सोडलीस ती तूच.

तुझी,
धाकटी


२ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा मला पत्र लिहिलंस आणि तेही पावाच्या कागदी पिशवीवर. तुझं अक्षर माझ्याहून चांगलं आहे, हे मला या वयात कळतंय.

तू लिहितेस की माझं पत्र वाचून तू स्वयंपाकघरातच नाचलीस, भावजींना मिठी मारलीस, ते बिचारे गुडघा धरून खाली बसले. मग गच्चीवर जाऊन शेजारणीकडून एक सिगरेट मागून ओढलीस. "एकच गं. दुखण्यातून सुटल्याची. रागावू नकोस." आणि त्याखाली, पिशवीच्या घडीवर, "तू बरी आहेस ना? बघतायत म्हणजे नक्की काय बघतायत?"

रागावले नाही. कुठल्या तोंडाने रागावू? काळजीसारखं काही नाही असं मीच लिहिलं, तू विश्वास ठेवलास, तुला आनंद झाला. पिशवी वाचून ठेवली आणि तलावावर जाऊन पोरांवर विनाकारण खेकसले. एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, आज तुमचं काय बिनसलंय?" मी तिला उलटं पोहायला लावलं.

तर, काय बघतायत ते सांगते.

माझ्या दोन्ही किडन्यांचं काम थोडंच उरलंय. पहिल्या रिपोर्टच्या वेळी कळलं असतं तर गोळ्या तेव्हाच थांबल्या असत्या. पण माझ्या नावाने आलेला रिपोर्ट स्वच्छ होता, तुझा होता ना तो, म्हणून मी आणखी निवांतपणे घेत राहिले. फक्त गोळ्यांनीच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण त्यांनी हातभार नक्की लावला, असं किडनीच्या डॉक्टरांचं म्हणणं. तरुण आहेत, बोलतात कमी. मी त्यांना म्हटलं, "मी गोड खात नाही, तळलेलं खात नाही, वेळेवर झोपते."

ते म्हणाले, "आणि रोज दुखणं दाबून पोहता."

मला वाटायचं नियमाने जगलं की झालं. गोळीही मी नियमानेच घेतली की गं. तुझ्यावर इतकी वर्षं तोंडसुख घेताना मला एकदाही वाटलं नाही की मीही स्वतःच्या शरीराला काहीतरी करतेय. तुझ्या धुराचा निदान वास तरी यायचा.

आता पुढे एक तर डायलिसिस, म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला जोडून पडून राहायचं आणि तलाव विसरायचा. नाहीतर कुणाची तरी किडनी. डॉक्टरांनी विचारलं, जवळचं कुणी आहे? मी म्हटलं, एक बहीण आहे, जुळी.

"एकसारखी?"

"आमच्या आईला विचारलं असतंत तर म्हणाली असती, अगदी."

तशी त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, तिची किडनी माझ्या शरीराला परकी वाटणारच नाही. इतर लोकांना जन्मभर ज्या कडक गोळ्या घ्याव्या लागतात, त्याही मला बहुतेक लागणार नाहीत. मग विचारलं, "त्या सिगरेट ओढतात?"

"ओढायची. सोडली."

"मग सुटलेलीच राहू द्या. ओढणाऱ्या माणसाला मी टेबलावर घेत नाही. त्यांच्याच जिवाला धोका." आणि लगेच, "त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"का?"

मी पर्स उचलून निघाले. तुला मोठ्या आजारातून बाहेर काढायचं आणि त्याच वाक्यात तुझ्याकडे हात पसरायचा, हे मला करवेना. म्हणून मागचं पत्र तसं लिहिलं. हो ताई, हे सगळं मला ते पत्र लिहिताना माहीत होतं. "एकच कर" म्हणून जे लिहिलं, ते तुझ्या भल्यासाठी होतं की माझ्या, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. इतकी वर्षं सिगरेट सोड म्हणून तुझ्या मागे लागले, त्यात माझा काडीचा फायदा नव्हता. आता आहे, आणि तेच वाक्य लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

तू नाही म्हणू शकतेस. बेकरीत पिठाची पोती उचलणारी तू, तुझं पोट कापायचं, कितीतरी दिवस घरी बसायचं, ती दिवसपाळी परत मिळेल न मिळेल. भावजी आधीच भित्रे. डायलिसिसवर लोक वर्षानुवर्षं जगतात. दुसरं कुणी देणारं सापडणारच नाही असंही नाही. मनात काय आहे ते तू एकटीने डॉक्टरांना सांग, ते मला कारण सांगणार नाहीत, फक्त "जमत नाही" एवढंच सांगतील. तशी पद्धतच आहे तिथे, मी विचारून घेतलंय. म्हणजे तू नाही म्हणालीस की तुझ्या तब्येतीला जमलं नाही, हे मला कधी कळणार नाही आणि मी कधी विचारणारही नाही.

हे सगळं शहाण्यासारखं लिहून झालं. आता उरलेलं लिहिते.

मला भीती वाटते. पाण्यात उतरते तेव्हा वाटते, भाजी चिरताना वाटते, पोरं हसली तरी वाटते. मी कुणाला सांगितलेलं नाही. मला मरायचं नाही, ताई. मला अजून पुष्कळ जगायचंय आणि त्यासाठी मला तुझी एक किडनी हवी आहे. ती सिगरेट शेवटची असू दे. माझ्यासाठी असू दे, हे मी आता उघड म्हणते.

लहानपणापासून मी तुझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. तुझं ते माझं, असंच धरून चाललो आपण, विचारायचा प्रश्नच आला नाही. हे तसं नाही. हे तुझं आहे, तुझ्या एकटीचं. म्हणून विचारते, देशील?

तुझं हो किंवा नाही, दोन्ही ऐकायचा धीर अजून न झालेली,
तुझी बहीण